गोड्या पाण्यातल्या माशातला परजीवी नवीन प्रजातीचा आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासा तपासताना कल्ल्यांवर, आतड्यात किंवा डोळ्यात ओळखू न येणारा जीव दिसला की विद्यार्थी, मत्स्यपालक आणि मत्स्यालय सांभाळणारे हौशी लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. एखादी प्रजाती नवीन आहे हे नुसतं तिच्याकडे बघून ठरत नाही. आधी नोंदलेल्या जवळच्या प्रत्येक प्रजातीशी तिची तुलना पूर्ण व्हावी लागते, आणि ती तुलना उद्या दुसऱ्या कुणालाही तपासता यावी लागते.

मी कधीच न पाहिलेला परजीवी सापडलाय. तो नवीन प्रजातीचा असू शकतो का?

असू शकतो. गोड्या पाण्यातल्या कितीतरी माशांचे परजीवी आजवर कुणी नीट तपासलेलेच नाहीत. कल्ल्यांवर राहणाऱ्या डॅक्टिलोजायरस कृमींच्या एकाच जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींच्या गटात) ९०० हून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि अजूनही भर पडते आहे. मिक्झोबोलस या बीजाणू तयार करणाऱ्या सूक्ष्म परजीवींच्या जीनसचा आकडाही ८०० च्या पुढे गेला आहे.

मात्र हेच आकडे दुसऱ्या बाजूनंही वाचायला हवेत. तुमचा नमुना ज्यांच्याशी ताडून पाहायचा, त्यांची यादीसुद्धा इतकीच मोठी आहे. प्रत्यक्षात माशाचं कुळ, शरीरातली जागा आणि काही ठळक अवयव पाहून ती बरीच आखडते, पण पुढे उरलेल्या प्रत्येक नावाचं मूळ वर्णन काढून वाचण्याला पर्याय नाही. बहुतेक वेळा नमुना माहीत असलेल्या प्रजातीचाच निघतो. कधी तो नव्या माशात सापडलेला असतो, कधी नव्या पाण्यात. ही नोंदही मोलाची आहे आणि ती प्रसिद्ध करण्यासारखी असते, म्हणून निराश होऊ नका.

तो मुळात परजीवीच आहे, हे कसं कळणार?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. खरं तर तो पहिला असायला हवा. सूक्ष्मदर्शकाखाली हवेचे बुडबुडे, परागकण, चरबीचे थेंब, कापसाचे धागे, माशानं गिळलेल्या किड्यांचे पाय, हे सगळं पहिल्या नजरेत परजीवीसारखं दिसू शकतं. आतड्यात सापडलेला बारीक गोलकृमी कधीकधी चिखलात मोकळा राहणारा असतो आणि नुसता अन्नाबरोबर आत आलेला असतो.

तज्ज्ञांनाही हे चुकलेलं नाही. माशांच्या ऊतींमध्ये दांड्यासारखे कण असलेल्या विशिष्ट पेशी असतात, त्यांना रॉडलेट पेशी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा त्यांना परजीवी समजलं गेलं आणि ऱ्हॅब्डोस्पोरा थेलोहानी असं रीतसर नावही मिळालं. त्या परजीवी आहेत की माशाच्याच पेशी आहेत, हा वाद पुढे अनेक दशकं चालला. आज त्या माशाच्याच मानल्या जातात.

जीव ऊतीला चिकटलेला आहे का, त्याला चिकटण्यासाठी अवयव आहे का, एकापेक्षा जास्त माशांत तो त्याच जागी सापडतो का, हे पाहा. ऊतीचा पातळ छेद घेऊन आजूबाजूच्या पेशींवर परिणाम दिसला, तर शंका बरीचशी मिटते.

कोणत्या गटातला आहे, हे घरच्या घरी किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठरवता येतं का?

मोठा गट ठरवता येतो, आणि साधा कंपाउंड सूक्ष्मदर्शक त्याला पुरतो.

कल्ल्याची एक कमान कापून काचेच्या बशीत पाण्यात ठेवा आणि तंतू सुईनं हलकेच वेगळे करा. डॅक्टिलोजायरस असेल तर तंतूंच्या मधून एक पारदर्शक, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कृमी ताणला जाताना आणि पुन्हा आखडताना दिसतो. पुढच्या टोकाला चार लहान उंचवटे आणि त्यांच्या मागे चार काळे नेत्रबिंदू असतात. मागच्या टोकाला चकतीसारखा अवयव असतो, त्याच्या मध्यभागी दोन मोठे अंकुश आणि कडेनं चौदा बारीक हूक. कृमी जागा सोडत नाही, फक्त पुढचं टोक फिरवून चाचपडत राहतो. त्वचेच्या खरवडीत असाच पण नेत्रबिंदू नसलेला कृमी दिसला, कडेचे हूक सोळा निघाले आणि पोटात पूर्ण वाढलेलं पिल्लू, त्या पिल्लाचेही अंकुश तयार झालेले दिसले, तर तो जायरोडॅक्टिलस. या जीनसमध्ये अंडी घालणं नाही, पिल्लंच जन्माला येतात.

बाकीच्यांच्या खुणा थोडक्यात सांगतो. चपटं शरीर आणि साधारणपणे दोन चूषक असतील तर पर्णकृमी. फितीसारखं लांब शरीर आणि आतड्याचा मागमूस नसेल तर पट्टकृमी, मात्र मार्जारमाशांतल्या काही पट्टकृमींचं शरीर खंडांमध्ये विभागलेलं नसतं आणि नवखा माणूस तिथे गोंधळतो. दोन्ही टोकांना निमुळता, कडक आवरणाचा, वळवळणारा असेल तर गोलकृमी. सोंडेवर काट्यांच्या रांगा असतील तर अकँथोसेफाला. सांधे असलेले पाय दिसले तर कवचधारी, म्हणजे अर्ग्युलस, लर्निया, अर्गासिलस यांपैकी काहीतरी. पांढऱ्या गाठी फोडल्यावर साधारण १० मायक्रोमीटरचे, एका टोकाला दोन बारीक, चकाकते कोश असलेले बीजाणू बाहेर आले तर मिक्झोबोलस किंवा त्याचे नातेवाईक.

अंगावर पांढरे ठिपके असतील आणि खरवडीत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असलेला, संथ गोल फिरणारा जीव दिसला तर तो बहुधा इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस आहे. मत्स्यालयांतून आलेले बरेचसे नमुने हेच निघतात.

मेलेला किंवा बर्फात ठेवलेला मासा चालेल का?

गटाचा अंदाज घेण्यापुरता चालेल. नवीन प्रजातीच्या वर्णनासाठी शक्यतो नाही.

मासा मेल्यावर त्वचेवरचे आणि कल्ल्यांवरचे परजीवी काही तासांतच मरू लागतात, सुटतात किंवा विरघळतात. गोठवल्यावर ऊती फाटतात आणि कृमींचे आतले अवयव ओळखू येत नाहीत. मासा जिवंत आणा, त्याच्याच पाण्यात ठेवा आणि लवकरात लवकर तपासा. तपासणीपूर्वी भूल देणाऱ्या औषधाच्या जास्त मात्रेनं त्याला वेदनारहित मृत्यू द्या. मासे पकडण्याची आणि प्राणी वापरण्याची परवानगी आधीच काढून ठेवा. नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर जैविक संसाधनांच्या वापराबद्दलच्या, २०१४ पासून लागू असलेल्या नागोया करारातल्या अटीही बघाव्या लागतात.

माशाची प्रजाती नेमकी ओळखणं एवढं महत्त्वाचं का?

कारण परजीवीच्या वर्णनातला अर्धा अर्थ पोशिंद्याच्या, म्हणजे तो ज्याच्यावर जगतो त्या माशाच्या, नावात असतो. डॅक्टिलोजायरसच्या पुष्कळ प्रजाती एकाच माशावर किंवा अगदी जवळच्या काही माशांवरच राहतात. माशाचं नाव चुकलं की तुलना चुकीच्या यादीशी होते आणि पुढचं सगळं काम वाया जातं. बाजारातल्या नावावर विसंबू नका, एकच नाव तीन-चार माशांना असतं.

माशाचा पूर्ण फोटो काढा, पराचा लहान तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवा आणि शक्य असेल तर एक मासाही जपून ठेवा. पराच्या तुकड्यावरून नंतर डीएनए बारकोड काढून माशाची ओळख पक्की करता येते. ज्या माशातून कोणता कृमी निघाला तो क्रमांक दोन्ही बाटल्यांवर एकच असू द्या. लेबल पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, कारण अल्कोहोल सांडलं की बाहेरची शाई पुसली जाते.

नमुना फॉर्मालिनमध्ये ठेवावा की अल्कोहोलमध्ये?

दोन्हींत, पण वेगवेगळे नमुने. फॉर्मालिन आकार छान टिकवतं, मात्र डीएनएचे तुकडे पाडतं. ९५ टक्के अल्कोहोल डीएनए सांभाळतं, पण त्यात थेट टाकलेला मऊ कृमी आक्रसतो आणि वेडावाकडा होतो. म्हणून एकाच माशातले काही कृमी आकारविज्ञानासाठी आणि काही डीएनएसाठी बाजूला काढायचे.

त्यातही प्रत्येक गटाची पद्धत वेगळी आहे, आणि इथे घाई केली की ते नुकसान नंतर कशानंही भरून येत नाही. पर्णकृमी आणि पट्टकृमी मिठाच्या सौम्य द्रावणात धुऊन, जवळजवळ उकळत्या द्रावणात एकदम मारले तर ताणलेल्या स्थितीत राहतात. काचेखाली दाबून चपटे करण्याची जुनी सवय सोडून द्यावी असं माझं ठाम मत आहे. दाबलेल्या कृमीची रुंदी वाढते, अवयव सरकतात आणि ती मोजमापं न दाबलेल्या नमुन्यांशी जुळत नाहीत. गोलकृमी गरम ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकले की सरळ होतात, नंतर ग्लिसरीनमध्ये पारदर्शक करून पाहता येतात. अकँथोसेफाला काही तास थंड पाण्यात ठेवावे लागतात, म्हणजे सोंड पूर्ण बाहेर येते. सोंड आत ओढलेली राहिली तर काट्यांच्या रांगा मोजता येत नाहीत आणि मग तो नमुना ओळखीच्या कामाचा राहत नाही. मोनोजेनियाचे, म्हणजे डॅक्टिलोजायरस, जायरोडॅक्टिलस यांच्या गटातल्या कृमींचे, अंकुश पाहायला अमोनियम पिक्रेट आणि ग्लिसरीनचं मिश्रण वापरतात. कवचधारींना ७० ते ८० टक्के अल्कोहोल पुरतं.

मिक्झोबोलसच्या बीजाणूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांची मोजमापं ताज्या, जिवंत बीजाणूंवरच घ्यावीत, कारण टिकवणीच्या द्रावणात ते आकसतात. आणि बीजाणू १० मायक्रोमीटरचा असेल तर अर्ध्या मायक्रोमीटरचा फरकही मोठा असतो.

किती नमुने लागतात?

नामकरणाच्या नियमानं एकही पुरतो. शास्त्रानं पुरत नाही.

एकाच कृमीवर आधारलेल्या वर्णनात बदलाची व्याप्ती कळत नाही, आणि पुढचा संशोधक थोडा मोठा नमुना पाहून त्याला दुसरी प्रजाती समजतो. मऊ कृमींचे दहा ते वीस पूर्ण वाढलेले नमुने आणि किमान ३० बीजाणू मोजलेले असावेत, असं मी सुचवेन. शक्यतो ते वेगवेगळ्या माशांतले आणि वेगवेगळ्या ऋतूंतले असावेत. त्याबरोबर किती मासे तपासले, त्यांतल्या किती माशांत परजीवी सापडला आणि प्रत्येक बाधित माशात सरासरी किती होते, हेही लिहा. ज्या माशांत काहीच सापडलं नाही त्यांची नोंद लोक गाळतात. ती गाळू नका, तिच्याशिवाय प्रादुर्भावाचं प्रमाण काढता येत नाही.

मोजमापं कशाची घ्यायची?

कठीण अवयवांची आधी. मोनोजेनियामध्ये अंकुश, त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, कडेचे हूक आणि नराच्या जननेंद्रियाचा कठीण भाग. यांचा आकार कृमी आखडल्यानं बदलत नाही, म्हणून प्रजाती ओळखण्यात त्यांना सर्वाधिक वजन आहे. नराच्या जननेंद्रियाचं चित्र तर दोन-तीन कोनांतून काढावं. पर्णकृमींत चूषकांच्या रुंदीचं गुणोत्तर, वृषणं आणि अंडाशयाची जागा, पीतक ग्रंथींचा पसारा आणि अंड्यांचा आकार. गोलकृमींत मुखकोश, अन्ननलिका, नराचे स्पिक्युल (मीलनाचे कठीण काटे) आणि शेपटीवरच्या पॅपिलांची (बारीक उंचवट्यांची) मांडणी. मिक्झोबोलसमध्ये बीजाणूची लांबी, रुंदी, जाडी, ध्रुवीय कोशांची (टोकाच्या त्या चकाकत्या कोशांची) मापं आणि आतल्या तंतूचे वेढे.

मोजण्यापूर्वी स्टेज मायक्रोमीटरनं (सूक्ष्म मोजपट्टी कोरलेल्या काचपट्टीनं) प्रत्येक लेन्सचं कॅलिब्रेशन करा. मोबाइल भिंगाला लावून काढलेल्या फोटोवरून माप घेणार असाल तर त्याच लेन्सनं, त्याच झूमवर मायक्रोमीटरचाही फोटो काढलेला हवा. आणि चित्रं हातानं काढा. फोटोत एकच पातळी स्पष्ट येते. हातानं रेखाटताना फोकस वरखाली करत अवयव समजून घ्यावा लागतो, आणि तसं समजून काढलेल्या चित्राची सर चांगल्या कॅमेऱ्यालाही येत नाही.

आकारात फरक दिसला की प्रजाती वेगळी, असं म्हणता येईल?

फरक कशामुळे आला हे कळल्याशिवाय नाही. लर्निया सिप्रिनेशियाची मादी माशाच्या शरीरात डोकं रुतवून बसते आणि तिच्या डोक्याला नांगरासारखे फाटे फुटतात. ते कुठे रुतले, हाडापाशी की मऊ मांसात, यावर त्यांची वाढ वाकते, आखूड होते किंवा पसरते. अशा फाट्यांच्या आकारावरून पूर्वी अनेक 'प्रजाती' केल्या गेल्या आणि त्यांतल्या कित्येक नंतर एकत्र कराव्या लागल्या. पाण्याचं तापमान, माशाचं वय, एका माशात असलेली कृमींची गर्दी, यांनीही मापं बदलतात. जायरोडॅक्टिलसचे अंकुश थंड पाण्यात साधारणपणे मोठे वाढतात. उन्हाळ्यातले नमुने एका नावाखाली आणि हिवाळ्यातले दुसऱ्या नावाखाली जायला एवढं कारण पुरतं.

नव्या माशात सापडला, म्हणजे नवीन प्रजाती ना?

तेवढ्यावरून नाही. पोशिंदा वेगळा असणं हा संशय घेण्याचा चांगला आधार आहे. पुरावा मात्र परजीवीच्या शरीरात आणि डीएनएत शोधावा लागतो.

डीएनए तपासला तर सगळा प्रश्न सुटेल का?

पुष्कळ सुटतो, सगळा नाही.

पहिली अडचण म्हणजे तुलनेला माहितीच अपुरी आहे. समजा तुमचा सीक्वेन्स (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम) जेनबँक या सार्वजनिक संग्रहातल्या सर्वांत जवळच्या सीक्वेन्सशी ९२ टक्के जुळला. याचा अर्थ एवढाच की जवळच्या ज्या प्रजातींचे सीक्वेन्स तिथे आहेत, त्यांच्यापैकी तुमचा नमुना कुणाचाच नसावा. वर्णन झालेल्या कितीतरी परजीवींचा एकही सीक्वेन्स अजून कुणी काढलेला नाही. तुमचा कृमी त्यांच्यापैकीच एक असू शकतो. हा मुद्दा विद्यार्थ्यांना मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण टक्केवारी पाहून 'नवीन' लिहिलेले मसुदे सतत येतात. दुसरं म्हणजे जेनबँकमध्ये चुकीच्या नावानं जमा केलेले सीक्वेन्सही आहेत. ज्या सीक्वेन्समागे संग्रहात ठेवलेला नमुना आहे, त्यालाच भरवशाचा माना.

कोणता जनुकभाग निवडायचा हे गटावर अवलंबून आहे. पर्णकृमी आणि पट्टकृमींत २८एस, जायरोडॅक्टिलसमध्ये आयटीएस, मिक्झोबोलसमध्ये १८एस, आणि जिथे जमेल तिथे सीओएक्स१ ची जोड. निकाल हाती आल्यावर सगळ्यात आधी तो माशाचा तर नाही ना, हे बघा. कल्ल्याचा कण कृमीला चिकटून राहिला असेल तर प्रायमर (डीएनएच्या प्रती काढण्यासाठी वापरलेले छोटे तुकडे) माशाचाच डीएनए वाढवून देतात.

किती टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती, असं विचारलं जातं. सर्व गटांना लागू पडेल असा आकडा नाही. जायरोडॅक्टिलस सलारिसचं उदाहरण बघा. सॅमन माशावरचा हा कृमी १९७० च्या दशकात नॉर्वेच्या नद्यांत पोचला आणि तिथल्या सॅमनची पिल्लं मोठ्या संख्येनं मेली. त्याला संपवण्यासाठी अख्ख्या नद्यांमध्ये रोटेनोन टाकून सगळे मासे मारावे लागले. ग्रेलिंग माशावर राहणारा जायरोडॅक्टिलस थायमल्ली हा त्याच्याहून वेगळा आहे की तोच आहे, यावर मात्र दीर्घकाळ वाद झाला, कारण आयटीएस भाग दोघांत सारखा आणि सीओएक्स१ मधले फरक पोशिंद्यानुसार नीट वाटले जात नव्हते. आता बरेच संशोधक दोघांना एकाच प्रजातीचं मानतात. नदीवर कारवाई करायची की नाही हे जिथे ओळखीवर ठरतं, तिथे एका जनुकावर निकाल देणं धोक्याचं आहे.

एकच कृमी असेल तर आकार बघायचा की डीएनए काढायचा?

दोन्ही जमतं, आणि तेच करावं. कृमीचा लहानसा तुकडा कापून डीएनएसाठी घ्यायचा आणि ओळख पटवणारे अवयव असलेला उरलेला भाग स्लाइडवर चढवायचा. मोनोजेनियात अंकुश असलेला मागचा भाग वेगळा काढून, प्रोटीनेज के या विकरानं त्याची मऊ ऊती पचवतात. मग काचेवर फक्त अंकुश आणि हूक उरतात, स्वच्छ आणि प्रत्येक वळण दाखवणारे. अशा नमुन्याचा फायदा मोठा आहे, सीक्वेन्स आणि शरीर एकाच जीवाचं असल्याची खात्री राहते.

अळी अवस्थेवरून नवीन प्रजाती मांडता येते का?

मी तरी मांडणार नाही. माशांच्या डोळ्यात सापडणारे डिप्लोस्टोमम या पर्णकृमीचे मेटासर्केरिया, म्हणजे माशातली अळी अवस्था, घ्या. गोगलगायीतून बाहेर पडलेली अळी माशात शिरते, डोळ्यात जाऊन बसते आणि प्रौढ होते ती मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यात. डोळ्यातल्या अवस्थेत जननेंद्रियं तयारच झालेली नसतात, म्हणजे ओळखीचे मुख्य अवयवच नाहीत. डीएनए तपासल्यावर सारख्या दिसणाऱ्या अळ्यांमध्ये अनेक वेगळे वंश निघाले, पण त्यांना नाव देण्याआधी त्यांचे प्रौढ शोधून ताडावे लागतात. तोवर त्यांना डिप्लोस्टोममचा अमुक क्रमांकाचा वंश म्हणून नोंदवणं हा प्रामाणिक मार्ग आहे.

मग जीवनचक्र पूर्ण माहीत असायलाच हवं का?

नाव देण्यासाठी तशी अट नाही. पण जीवनचक्र माहीत नसल्यानं काय होऊ शकतं हे मिक्झोबोलस सेरेब्रालिसनं दाखवलंय.

ट्राउट माशाच्या कूर्चेत राहणाऱ्या या परजीवीचं वर्णन १९०३ मध्ये झालं. त्याची लागण झालेली पिल्लं शेपटीमागे लागल्यासारखी गोल गोल फिरतात आणि त्यांची शेपटी काळी पडते. चिखलातल्या ट्युबिफेक्स गांडुळांमध्ये सापडणारा, तीन लांब हात असलेला ट्रायअ‍ॅक्टिनोमिक्झॉन हा पूर्ण वेगळा जीव समजला जात होता, इतका वेगळा की त्याला दुसऱ्याच वर्गात बसवलं होतं. १९८४ मध्ये वुल्फ आणि मार्किव यांनी प्रयोगानं दाखवून दिलं की दोन्ही एकाच परजीवीच्या अवस्था आहेत. माशातला बीजाणू गांडुळात जातो आणि गांडुळातून निघालेला तीन हातांचा बीजाणू माशात शिरतो. एका शोधानं वर्गीकरणातला एक आख्खा वर्ग निकामी झाला. या शाखेतली मला सर्वांत आवडणारी घटना हीच.

जुनी वर्णनं कुठून आणि कशी शोधायची?

जीनसची शेवटची मोठी उजळणी ज्या लेखात झाली आहे तिथून सुरुवात करा, मग त्यातल्या प्रत्येक नावाचं मूळ वर्णन मिळवा. कुणीतरी पुढे उद्धृत केलेली मापं वापरू नका. ती नकलताना चुकतात. वर्णन रशियन, चिनी, जपानी किंवा फ्रेंचमध्ये असेल तरी सोडायचं नाही, मापांचे तक्ते आणि चित्रं भाषा न येता वाचता येतात आणि उरलेला मजकूर अनुवादून घेता येतो. वर्णन तुटपुंजं असेल तर संग्रहालयाकडे मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावरून नाव दिलं तो नमुना, पाहायला मागा. संग्रहालयं संशोधकांना असे नमुने दाखवतात, कधी फोटो पाठवतात. या टप्प्याला महिने लागतात, आणि ते लागू द्यावेत.

नाव कसं ठेवायचं? नियम काय आहेत?

प्राण्यांची नावं आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेनुसार ठेवली जातात. संहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव लॅटिन लिपीत आणि दोन शब्दांचं हवं, प्रजाती नवीन असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, इतरांपासून ती कशी वेगळी हे शब्दांत सांगितलेलं हवं आणि टाइप नमुना ठरवून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे तेही लिहिलेलं हवं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध करत असाल तर २०१२ पासून झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीतली नोंद बंधनकारक आहे.

व्यक्तीच्या सन्मानार्थ नाव देता येतं. पुरुषासाठी शेवटी 'आय', स्त्रीसाठी 'एई' ही लॅटिन अक्षरं लागतात. स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे. ठिकाण, पोशिंदा किंवा एखादं ठळक लक्षण यांवरून दिलेलं नाव मला जास्त उपयोगी वाटतं, पण पोशिंद्यावरून नाव देताना माशाचं नाव पुढे बदलू शकतं हे लक्षात असू द्या.

प्रबंधात किंवा परिषदेत नाव जाहीर केलं तर चालतं का?

परिषदेला आलेल्यांपुरता वाटलेला सारांश आणि नुसता ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध यांना संहितेनुसार प्रसिद्धीचा दर्जा नाही. तिथे नाव छापलं तर ते वैध ठरत नाही, उलट अर्धवट नाव फिरत राहतं आणि गोंधळ होतो. तिथे जीनसचं नाव आणि क्रमांक एवढंच लिहा.

होलोटाइप घरी किंवा विभागात ठेवला तर?

ठेवू नका. विभागातली माणसं बदलतात, कपाटं रिकामी होतात आणि स्लाइड्स हरवतात. होलोटाइप म्हणजे त्या नावाचा एकमेव आधार. तो कायमस्वरूपी सांभाळ करणाऱ्या, इतरांना नमुने पाहू देणाऱ्या संग्रहालयात गेला पाहिजे. पॅराटाइप, म्हणजे वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने, शक्यतो दोन वेगळ्या संग्रहालयांत ठेवावेत, म्हणजे एका ठिकाणी काही झालं तरी सगळं जात नाही. सीक्वेन्सच्या नोंदीत त्या नमुन्याचा संग्रह क्रमांक लिहायला विसरू नका.

मी मत्स्यपालक आहे. उपचारासाठी प्रजातीपर्यंत ओळख लागते का?

बहुतेक वेळा गटापर्यंतची ओळख पुरते. तळ्यात मासे मरत असतील तर नाव ठरेपर्यंत थांबू नका. आधी पाण्यातला प्राणवायू आणि अमोनिया तपासा आणि मत्स्यरोगतज्ज्ञाला दाखवा. फक्त औषध टाकण्याआधी काही आजारी मासे जिवंत बाजूला काढा आणि त्यांच्यातले परजीवी अल्कोहोलमध्ये ठेवा. औषधानंतर ते मिळणार नाहीत.

असा मासा खाल्ला तर अपाय होईल का?

माशांच्या बहुतेक परजीवींचा माणसाला त्रास होत नाही. काहींचा मात्र गंभीर होतो. ओपिस्थॉर्किस व्हिवेरिनी आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिस हे यकृतातले पर्णकृमी कार्प कुळातल्या कच्च्या माशातून माणसात येतात आणि दोघांनाही पित्तनलिकेच्या कर्करोगाचं सिद्ध कारण मानलं जातं. ओळख न पटलेला परजीवी असलेला मासा कच्चा किंवा अर्धवट शिजवलेला खाऊ नका. आतपर्यंत किमान ६३ अंश सेल्सिअस तापमान पोचेल असा नीट शिजवा. मीठ लावणं, लिंबाच्या रसात मुरवणं यांवर भरवसा नको.

प्रसिद्ध झाल्यावर कुणी ती प्रजाती जुनीच आहे असं दाखवलं तर?

तर आधी दिलेलं नाव टिकतं आणि तुमचं नाव त्याचं समानार्थी नाव म्हणून नोंदलं जातं. यात अप्रतिष्ठा नाही. कार्पच्या आतड्यात राहणारा आशियाई पट्टकृमी जपानमधून १९३४ मध्ये बोथ्रिओसेफालस अखिलोग्नाथी या नावानं वर्णन झाला. १९५५ मध्ये चीनमधल्या गवत्या माशातून (ग्रास कार्पमधून) तोच कृमी गोवकोंगेन्सिस या नावानं आला. गवत्या मासा पाळण्यासाठी जगभर नेला गेला, त्याच्याबरोबर कृमीही गेला, आणि या दोन्ही नावांखाली निरनिराळ्या देशांत नोंदी होत राहिल्या. सगळे नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावर ती एकच प्रजाती ठरली. २०१५ मध्ये डीएनएच्या आधारे तिची जीनसही बदलली, आता तिला शायझोकोटाइल अखिलोग्नाथी म्हणतात. हा उलगडा झाला कारण वर्णनं प्रसिद्ध होती आणि नमुने संग्रहात होते. तुमचा नमुना तसाच संग्रहात असेल तर पुढचा संशोधक तुमचं म्हणणं पडताळू शकेल, आणि गरज पडली तर दुरुस्तही करू शकेल.